एकाच आजाराची तीन पत्रे: परदेशातील आजारी आईला जवळ आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ७४ वर्षांची असून मूळ देशात एकटी राहते. चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन तिची उजवी बाजू अधू झाली, बोलणे अडखळते, शिवाय सीओपीडी हा श्वासनलिका आणि फुप्फुसांचा जुनाट आजार असल्यामुळे रात्री ऑक्सिजन लावावा लागतो. मुलगी आणि जावई नऊ वर्षांपासून परदेशात स्थायिक आहेत आणि आता आईला जवळ आणायचे त्यांच्या मनात आहे. एका परिचिताने त्यांना सांगितले, की साध्या पर्यटक व्हिसावर आणा, आजारपणाचा उल्लेख करू नका, एकदा आल्या की पुढचे पुढे बघू. हा सल्ला मानावा का, आणि मानू नये तर सुरुवात कोठून करावी, असे त्यांनी विचारले आहे.

हा सल्ला मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते केवळ सचोटीच्या आग्रहापोटी नाही. गेली सोळा वर्षे मी आजारी नातेवाइकांना एका देशातून दुसऱ्या देशात हलवण्याच्या कामात समन्वयक आहे. मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही; पण वकील, डॉक्टर, विमान कंपनी आणि कुटुंब या चौघांच्या मध्ये बसून कागद जुळवणे हे माझे रोजचे काम आहे, आणि त्यावरून सांगतो की लपवलेला आजार लपून राहत नाही. ज्या बाईंना विमानातून व्हीलचेअरवर उतरवावे लागते आणि ज्यांच्या मांडीवर ऑक्सिजनचे यंत्र असते, त्यांच्याविषयी इमिग्रेशनच्या खिडकीवर ‘फिरायला आल्या आहेत’ एवढेच सांगून भागत नाही. अमेरिकेच्या कायद्यानुसार महत्त्वाची बाब जाणूनबुजून खोटी सांगितल्यास प्रवेशबंदी कायमची असते आणि तिच्यातून सूट फार मोजक्या परिस्थितीत मिळते. कॅनडात अशी बंदी पाच वर्षांची असते. म्हणजे एका चुकीच्या अर्जामुळे ७४ वर्षांच्या बाईंच्या हयातीतले सगळे मार्ग बंद होऊ शकतात. त्याच खोट्या माहितीवर काढलेला विमाही पहिल्याच रुग्णालयाच्या बिलाला नाकारला जातो, ही त्याच सल्ल्याची दुसरी बाजू.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे आणि प्रामाणिक कुटुंबेही तिच्यात अडकतात. तुमच्या आईच्या आजाराविषयी तिघे जण विचारणार आहेत आणि तिघांचे प्रश्न एकमेकांच्या उलट आहेत. व्हिसा अधिकाऱ्याला, विशेषतः अर्ज मानवतेच्या आधारावर असेल तर, त्या किती परावलंबी आहेत हे पाहायचे असते. विमान कंपनीच्या डॉक्टरला त्या किती स्थिर आहेत हे हवे असते. विमा कंपनीला हे सगळे केव्हापासून आहे एवढ्यातच रस असतो. कुटुंब एकाच डॉक्टरकडे तीनदा जाते, आणि डॉक्टर भल्या मनाने, समोरच्याला जे हवे ते ठळक करून तीन पत्रे देतात.

माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात मुलाने वडिलांसाठी घेतलेल्या पहिल्या पत्रात ‘रुग्ण पूर्णपणे अंथरुणाला खिळलेला असून चोवीस तास देखरेख आवश्यक’ असे वाक्य होते. तीन आठवड्यांनी त्याच डॉक्टरांनी, त्याच लेटरहेडवर, ‘सामान्य प्रवासी म्हणून विमानप्रवासास योग्य’ असे लिहून दिले. अधिकाऱ्याने प्रवासाची योजना मागितली तेव्हा दोन्ही पत्रे एकाच फाइलमध्ये गेली आणि अर्ज खुलाशासाठी परत आला. त्यात चार महिने गेले. गंमत अशी, की दोन्ही वाक्ये आपापल्या परीने खरी होती. वडील स्वतःहून उठू शकत नव्हते, पण कोणी उचलून बसवले तर सात-आठ तास बसू शकत होते. हे साधे वाक्य कोणत्याच पत्रात नव्हते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की कोणत्याही अर्जाला हात घालण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून दोन पानांचा एक मूळ वैद्यकीय सारांश करून घ्या आणि पुढची सगळी पत्रे त्याच्यातूनच काढा. त्यात आजाराच्या नावांइतक्याच महत्त्वाच्या असतात त्या रोजच्या गोष्टी: आई आधाराशिवाय किती वेळ बसतात, एका माणसाच्या आधाराने किती पावले चालतात, शौचाला कशा जातात, पाणी पिताना ठसका लागतो का, सांगितलेले समजते का आणि बोललेले इतरांना कळते का, ऑक्सिजन न लावता शांत बसलेल्या असताना पल्स ऑक्सिमीटरवर किती आकडा दिसतो. पक्षाघाताची तारीख, रुग्णालयातून घरी आल्याची तारीख आणि त्यानंतर काही गुंतागुंत झाली असल्यास तीही लिहावी. औषधे कंपनीच्या नावाने न लिहिता मूळ रसायनाच्या नावाने, मात्रेसह लिहावीत, कारण ब्रँडची नावे देशागणिक बदलतात. मेंदूच्या एमआरआय किंवा सीटी स्कॅनचा नुसता अहवाल घेऊन थांबू नये. मूळ प्रतिमा डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्याव्यात, कारण नवा डॉक्टर दुसऱ्याच्या अहवालापेक्षा चित्र पाहणे पसंत करतो.

त्यानंतर घरात एक प्रश्न मोकळेपणाने सुटला पाहिजे: आईला कशासाठी आणायचे आहे? उपचार करून परत पाठवण्यासाठी, कायमचे सांभाळण्यासाठी, की शेवटचा काळ सोबत काढण्यासाठी? तिन्हींचे व्हिसाचे मार्ग वेगळे, खर्च वेगळे आणि घाईही वेगळी. तुमच्या पत्रावरून हेतू कायम सांभाळण्याचा दिसतो, आणि हेतू तसा असेल तर पर्यटक व्हिसा मुळातच बसत नाही. अमेरिकेत तर भेटीच्या व्हिसासाठी येणारा प्रत्येक जण स्थायिक व्हायलाच येत आहे असे कायदा गृहीत धरतो आणि तसे नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचे असते. उपचारासाठी त्याच वर्गातला व्हिसा मिळतो, पण त्यासाठी आपल्या डॉक्टरांचे निदान, तेथील डॉक्टर किंवा रुग्णालयाचे उपचाराची मुदत व खर्च सांगणारे पत्र आणि पैसे कोण भरणार याचा पुरावा मागितला जातो.

तुम्ही देशाचे नाव लिहिलेले नाही, म्हणून चार देशांचे चित्र सांगतो. त्यावरून फरक किती मोठा आहे ते कळेल. अमेरिकेत २१ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाला आईवडिलांसाठी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो आणि त्या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. नुसते ग्रीन कार्ड असलेल्याला मात्र हा अर्ज करताच येत नाही. त्यामुळे नऊ वर्षांत तुम्ही नागरिकत्व घेतले की नाही, या एका गोष्टीवर तुमचे सगळे प्रकरण उभे राहते किंवा कोसळते. तातडीच्या मानवतावादी कारणासाठी तेथे ‘ह्युमॅनिटेरियन परोल’ नावाची सोय आहे, पण तो व्हिसा नाही, हक्क तर नाहीच; प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे पाहून दिलेली ती मुदतीची परवानगी असते. कॅनडात २०११च्या अखेरीस सुरू झालेला सुपर व्हिसा आईवडील आणि आजी-आजोबांसाठी आहे. त्यावर एका प्रवेशात पाच वर्षांपर्यंत राहता येते, मात्र किमान एक वर्षाचा, १,००,००० कॅनेडियन डॉलरचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा आणि वैद्यकीय तपासणी लागते. अपेक्षित उपचारांचा भार सार्वजनिक आरोग्यसेवेवर ठरावीक मर्यादेपलीकडे जाणार असेल, तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये जुलै २०१२ पासून परावलंबी प्रौढ नातेवाइकाचा नियम इतका कडक आहे की रुग्णाला रोजच्या साध्या कामांसाठी दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागते, आणि ती मदत मूळ देशात मिळत नाही किंवा परवडत नाही, हे दोन्ही सिद्ध करावे लागते. तुम्ही पाठवलेल्या पैशांत तेथे परिचारिका ठेवता येत असेल तर तेच तुमच्याविरुद्ध जाते. ऑस्ट्रेलियात कमी शुल्काच्या पालक व्हिसाची प्रतीक्षा दशकांमध्ये मोजली जाते, आणि ७४ वर्षांच्या आजारी व्यक्तीसाठी तो मार्ग कागदावरच उरतो.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला आईऐवजी मावशीला, काकांना किंवा मोठ्या भावाला आणायचे असेल, तर बहुतेक देशांत चित्र याहून बिकट असते. ‘त्यांनीच मला वाढवले’ हे वाक्य घरात जितके वजनदार असते तितके ते कायद्यात नसते, जोवर दत्तकाचा किंवा पालकत्वाचा कागद सोबत नाही. अशा वेळी इमिग्रेशनच्या परवानाधारक वकिलाकडे एक तास बसावे; तो खर्च वाया जात नाही.

विम्याबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण येथे आशा कमी आहे. परदेशातून आलेल्या पाहुण्यांसाठीच्या बहुतेक पॉलिसी आधीपासूनचे आजार वगळतात, आणि काही पॉलिसी त्या आजाराच्या अचानक उद्भवलेल्या तीव्र झटक्यापुरतेच थोडे संरक्षण देतात. ७४ वर्षांच्या पक्षाघाताच्या रुग्णाला नेमके तेच वगळलेले लागणार असते. कायम वास्तव्य मिळाले म्हणजे सरकारी सेवा लगेच मिळते, हाही गैरसमज आहे. अमेरिकेत ६५ वर्षांवरील नव्या स्थलांतरितांना मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, विकत घ्यायचा तरी साधारणपणे पाच वर्षे सलग वास्तव्य लागते. तेव्हा पहिल्या दोन-तीन वर्षांचा खर्च स्वतःच्या खिशातून, असे धरून आकडा मांडावा, आणि तो झेपत नसेल तर तसे आताच एकमेकांना सांगावे.

आता प्रवास. व्हिसा मिळाला की कुटुंबाला अर्धे काम झाल्यासारखे वाटते, पण आईंच्या बाबतीत कस लागणार आहे तो विमानात, आणि त्याचे कारण फुप्फुसे आहेत. उडत्या विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब जमिनीइतका नसतो. तो सुमारे ८,००० फुटांपर्यंतच्या, म्हणजे २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका खाली येऊ शकतो. श्वासातून मिळणारा ऑक्सिजन त्या वेळी समुद्रसपाटीवर १५ टक्के ऑक्सिजन असलेल्या हवेइतका असतो, एरवीच्या हवेत तो २१ टक्के असतो. निरोगी माणसाच्या रक्तातील ऑक्सिजनही अशा वेळी ९० टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण ज्या बाईंना रात्री घरीच ऑक्सिजन लागतो, त्यांची ही घसरण कोठवर जाईल हे अंदाजाने ठरवू नये. फुप्फुसविकारतज्ज्ञाकडे त्यासाठी एक चाचणी असते, जिच्यात रुग्णाला सुमारे २० मिनिटे १५ टक्के ऑक्सिजन असलेली हवा देऊन नोंदी घेतात आणि प्रवासात ऑक्सिजन लागेल का, किती लागेल, हे ठरवतात. तिकीट काढण्याच्या कितीतरी आधी, शक्य तर व्हिसाच्या अर्जाच्याही आधी, ही चाचणी व्हावी, कारण निकाल वाईट आला तर बाकीची सगळी योजना बदलते.

स्वतःचा ऑक्सिजन सिलिंडर विमानात नेऊ देत नाहीत, हे धरूनच चाला. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर चालते, पण त्याचे मॉडेल कंपनीला मान्य असावे लागते आणि बॅटऱ्या भरपूर लागतात. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत प्रवासाच्या कमाल अपेक्षित वेळेच्या दीडपट पुरतील इतक्या बॅटऱ्या कंपनी मागू शकते. मधल्या विमानतळावर पाच तास थांबायचे असेल, तर त्या पाच तासांसाठी चार्जिंगची सोय वेगळी पाहावी लागते. म्हणूनच लांबचे पण थेट विमान आणि दोन छोटे टप्पे यांत मी अशा रुग्णासाठी थेट विमान निवडतो. उतरणे, बदलणे, पुन्हा चढणे यात अर्धांग झालेला माणूस जितका थकतो तितका बसून थकत नाही.

विमान कंपनी तुमच्याकडून मेडिफ नावाचा वैद्यकीय माहितीचा फॉर्म भरून घेईल. त्याचा एक भाग प्रवाशाचा आणि दुसरा डॉक्टरांचा असतो. कंपन्या तो साधारण ४८ ते ७२ तास आधी मागतात आणि फार आधी भरलेला चालवून घेत नाहीत. त्यातला सर्वांत निष्काळजीपणे भरला जाणारा रकाना व्हीलचेअरचा. बुकिंगमध्ये तीन वेगळे संकेत असतात: लांब चालवत नाही पण जिना चढता येतो त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचआर, जिना चढता येत नाही पण आसनापर्यंत चालता येते त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचएस, आणि आसनापर्यंत उचलूनच न्यावे लागते त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचसी. कुटुंबे ‘व्हीलचेअर हवी’ एवढेच सांगतात, बुकिंग करणारा पहिला संकेत टाकतो, आणि विमान टर्मिनलच्या पुलाला (एरोब्रिजला) न लागता लांब मैदानात उभे राहिले की शिडीच्या पायथ्याशी रुग्ण आणि मदतनीस एकमेकांकडे बघत राहतात. तुमच्या आईंसाठी दुसरा की तिसरा संकेत, हे मूळ सारांशातल्या ‘किती पावले’ या ओळीवरून ठरेल.

सोबत कोण येणार, हा दुसरा महत्त्वाचा रकाना. विमानातील कर्मचारी जेवण भरवत नाहीत, औषध देत नाहीत आणि शौचालयाच्या आत मदत करत नाहीत. हे त्यांचे काम नाही. मुलगी सोबत असेल तर तिने आधी घरी एक तालीम करावी, असा माझा आग्रह असतो. ताठ पाठीच्या, हात असलेल्या अरुंद खुर्चीत आईला सहा तास बसवावे, दर अर्ध्या तासाने ऑक्सिमीटरचा आकडा लिहावा, त्याच काळात जेवण, औषधे आणि एकदा शौचाला नेऊन आणणे हे सगळे एकट्याने करून पाहावे. अर्धांग झालेल्या पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो आणि बसल्या जागी कातडीवर दाबही पडतो, म्हणून मध्येच उठवणे, बाजू बदलणे हेही तालमीत हवे. एका मुलीने दुपारी सुरू केलेली ही तालीम चौथ्या तासाला थांबवली आणि मला फोन करून एवढेच म्हणाली, “सोबत नर्स पाहिजे.” हे तिला घरच्या खुर्चीशेजारी उमगले, ३५,००० फुटांवर नाही. एअर अ‍ॅम्ब्युलन्सची चौकशी मात्र बहुतेक जण पहिल्याच दिवशी करतात. बसू शकणाऱ्या, स्थिर रुग्णाला तिची गरज क्वचितच पडते. आडवेच न्यावे लागले तरी अनेक प्रवासी विमानांत आसने दुमडून त्यांवर स्ट्रेचर लावण्याची सोय होते, जिच्यासाठी अनेक आसनांचे भाडे आणि सोबतीला प्रशिक्षित माणूस लागतो.

औषधे सगळी हातबॅगेत, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या असतील तर केवळ पोहोचायच्या देशाचेच नव्हे, मधल्या देशाचेही नियम पाहावेत. संयुक्त अरब अमिरातीसारख्या काही देशांत नियंत्रित औषधांसाठी आधी परवानगी काढावी लागते. पाणी पिताना ठसका लागत असेल तर ते दाट करण्याची पावडर बरोबर ठेवावी, कारण विमानात मिळणारे सगळे पेय पातळच असते. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात भेटणारा डॉक्टर निघण्यापूर्वीच ठरलेला असावा, आणि घरी ऑक्सिजनचे यंत्र आई येण्याच्या आदल्या दिवशी चालू करून पाहिलेले असावे.

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण तुमच्या पत्रात ती नव्हती. आईला यायचे आहे का? तुमच्या पत्रात मुलीचे, जावयाचे आणि परिचिताचे मत आहे; ज्यांना नेणार त्यांचे नाही. कायद्याच्या दृष्टीनेही हा प्रश्न टळत नाही, कारण अर्जावर सही किंवा अंगठा त्यांचा लागतो, बोटांचे ठसे द्यायला केंद्रावर त्यांना जावे लागते, आणि त्यांना समजत नाही असे ठरले तर त्यांच्या वतीने कोणी बोलायचे याचा वेगळा कागद करावा लागतो. पक्षाघातानंतर बोलणे अडखळते म्हणजे समज गेली असे नसते. वाक्ये जमत नसतील तर होय-नाही अशी उत्तरे देता येतील असे प्रश्न विचारा, एका वेळी एकच, आणि जमल्यास खोलीत दुसरे कोणी नसताना. त्यांनी नाही म्हटले तर तेथेच चोवीस तासांची सोय लावून आळीपाळीने जाऊन राहणे हाही पूर्ण पर्याय आहे, आणि माझ्याकडे आलेल्या काही कुटुंबांनी तोच निवडला. त्यांनी होय म्हटले, तर हातात मावतील अशी सहा जाड कार्डे करा: पाणी, दुखते आहे, श्वास लागतो आहे, शौचाला जायचे आहे, थंडी वाजते आहे, मुलीला बोलवा. एका बाजूला चित्र व त्यांच्या भाषेतला शब्द, दुसऱ्या बाजूला विमानातल्या भाषेतला. ती कार्डे त्यांच्या डाव्या हाताला येतील अशा खिशात ठेवा. उजवा हात त्यांचा चालत नाही.